मारका बैल आणि मोटारगाडी

शिंगें उगारणाऱ्या बैलास कसें वागवावें, याचा धडा शेतकऱ्यास शाळेंत घ्यावा लागत नाहीं. बैल एकदां कोणाच्या अंगावर धांवून गेला, कीं दुसऱ्या दिवसापासून त्याच्या गळ्यांत लोढणें येतें. पवित्र शास्त्रांत, निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत, हाच व्यवहार नियमाच्या रूपानें मांडलेला आहे. बैलानें अकस्मात् शिंग मारून कोणाचा प्राण घेतला, तर बैल मारावा, धनी निर्दोष. परंतु बैल पूर्वीपासून मारका आहे हें धन्यास कळविलें असूनही त्यानें तो बांधून ठेविला नाहीं, तर त्या मृत्यूचा दोष धन्याच्याही माथीं येतो. अपघात आणि अपराध यांच्यामधली रेषा येथें एकाच गोष्टीनें आखिली आहे : धन्यास तें ठाऊक होतें कीं नाहीं. आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द लिहिणार आहों, तो बैलाचा नसून मोटारगाडीचा आहे; तथापि न्याय तोच लागू पडतो, असें आमचें मत आहे.

अमेरिकेंत बहुतेक मोटारी आपोआप गिअर बदलणाऱ्या असतात. त्यांत क्लच दाबावा लागत नाहीं. चालकापाशीं केवळ एक दांडा असतो. तो ‘पार्क’ या खुणेवर आणिला, म्हणजे गिअरबॉक्समधील एक खिटी दात्यांच्या चक्राच्या खांचेंत जाऊन बसते व गाडी जागच्या जागीं अडते. याच्या शेजारींच ‘रिव्हर्स’ची, म्हणजे मागें जाण्याची, खूण असते. एक खूण गाडीस जखडून ठेविते आणि तिच्या लगतची खूण गाडीस मागें लोटते. हीं दोन स्थानें किती जवळ जवळ आहेत हें ध्यानांत धरिलें, म्हणजे पुढील हकीगत समजण्यास अडचण पडणार नाहीं.

फोर्ड कंपनीच्या १९६६ ते १९८० या सालांतील अशा गाड्यांविषयीं एकच तक्रार पुनःपुन्हां येऊं लागली. दांडा ‘पार्क’वर बसला असें समजून चालक इंजिन चालूच ठेवून खालीं उतरे, परंतु दांडा दोन खुणांच्या मध्येंच टेकलेला असे. थोड्या वेळानें एखाद्या हिसक्यासरशीं तो ‘रिव्हर्स’कडे घसरे आणि चालकावांचून गाडी मागें धांवत सुटे. १९८० पर्यंत अमेरिकेच्या सरकारी वाहतूक-सुरक्षा खात्याकडे अशा हजारों तक्रारी जमल्या होत्या, व त्यांत सुमारें शंभर मृत्यूंची नोंद होती. त्या वर्षीं जून महिन्यांत खात्यानें या गाड्यांत दोष असल्याचा प्राथमिक निर्णय दिला. कंपनीचें म्हणणें असें, कीं दोष यंत्राचा नसून दांडा नीट न बसविणाऱ्या चालकाचा आहे.

अखेर डिसेंबरांत तडजोड झाली. वास्तविक, सदोष गाडी विनामूल्य दुरुस्त करून दिली पाहिजे, असा कायदा त्या देशांत १९७४ सालींच झालेला होता. तरीही गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याऐवजीं, कंपनीनें सुमारें २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांस एकेक चिठ्ठी पाठवावी, असें ठरलें. उतरण्यापूर्वीं दांडा ‘पार्क’वर असल्याची खात्री करावी, हातब्रेक पुरा ओढावा, इंजिन बंद करावें, अशा आशयाची ती सूचना होती. चालकासमोरच्या फळीवर ती चिकटविली, म्हणजे झालें!

या चिठ्ठीस आमचा आक्षेप आहे. ती सूचना खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. उलट ती प्रत्येक चालकानें पाळावी अशीच आहे. परंतु सूचना वाचणारा एक आणि गाडीखालीं सांपडणारा दुसरा, अशी येथें स्थिति आहे. चिठ्ठी गाडीच्या आंत. अंगणांत खेळणारें मूल बाहेर. त्यास ती कोण वाचून दाखविणार? शिवाय गाडी जुनी होते, विकली जाते, हातोहात फिरते. डिंक सुकून चिठ्ठी केव्हांच गळून पडते. दोष मात्र गाडीबरोबर नव्या धन्याकडे मुकाट्यानें जातो. बैलाच्या गळ्यांत लोढणें न घालतां, ‘हा मारका आहे’ असें त्याच्या पाठीवर लिहून त्यास बाजारांत सोडण्यासारखेंच हें झालें.

यावर कोणी असें म्हणेल, कीं मनुष्यानें स्वतः सावध असावयास नको काय? विळीवर बोट कापलें म्हणून लोहारास कोणी कोर्टांत खेंचीत नाहीं. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे, आणि चालकाचें कर्तव्य आम्हीही नाकारीत नाहीं. परंतु विळीची धार उघड दिसते. दांड्याचें फसवें स्थान दिसत नाहीं. जो सावध राहूं इच्छितो त्यासही तें फसवितें. अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास अशी आज्ञा आहे, कीं त्यानें धाब्यास कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्याचा दोष घरावर येणार नाहीं. जपून चालण्याचा उपदेश करून तेथें घरधन्यास मोकळें सोडिलेलें नाहीं. मनुष्याचें पाऊल कधींतरी चुकणार, हें धरूनच ती आज्ञा केलेली आहे. जी चूक हजारों मनुष्यें एकाच तऱ्हेनें करितात, ती केवळ त्यांची चूक नव्हे. घर बांधणारानें कठडा केला नाहीं, असाच तिचा अर्थ आहे.

हीच गोष्ट पुढें ३६ वर्षांनीं नव्या वेषांत घडली. २०१६ च्या एप्रिलांत फियाट-क्रायस्लर कंपनीनें जगभरच्या ११ लाखांहून अधिक गाड्या परत बोलाविल्या. त्यांतील दांडा हलवून सोडला कीं दर वेळीं मध्यभागीं परत येई. गाडी कोणत्या गिअरमध्यें आहे हें हातास कळत नसे, दिव्याच्या अक्षरावरूनच ओळखावें लागे. त्यामुळें गाडी ‘पार्क’मध्यें आहे अशा समजुतीनें लोक उतरत व गाडी घरंगळे. या वेळीं उपाय योजिला तो खऱ्या दुरुस्तीचा होता : चालक दार उघडून उतरूं लागतांच गाडीनें आपण होऊन ‘पार्क’मध्यें जावें, अशी तिच्या संगणकांत सुधारणा करावयाची. परंतु घोषणा आणि दुरुस्ती यांच्यामध्यें दिवस जात होते. १९ जून २०१६ रोजीं लॉस एंजेलिस येथें अँटन येल्चिन नांवाचा २७ वर्षांचा नट स्वतःच्याच घराच्या उतारावर, स्वतःच्याच गाडीखालीं नव्हे, तर तिच्या व फाटकाच्या खांबाच्या मध्यें चिरडून मरण पावला. ती गाडी परत बोलाविलेल्या गाड्यांपैकींच होती. लोढणें घालण्याचें कबूल झालें होतें. पण तें तयार होईपर्यंत बैल मोकळाच होता.

आपल्या देशांतही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं ११०-अ हें नवें कलम घालण्यांत आलें, व १ एप्रिल २०२१ पासून तें अंमलांत आलें. सदोष वाहनें परत बोलाविण्याचा हुकूम त्याअन्वयें केंद्र सरकार कारखानदारास देऊं शकतें. आणि त्यानें वाहनाची किंमत परत करावी, वाहन बदलून द्यावें अथवा दुरुस्त करून द्यावें, अशी त्यांत तरतूद आहे. हें योग्यच झालें. मात्र कायद्याची परीक्षा त्याच्या शब्दांत नसून, पहिली तक्रार आल्यापासून शेवटची गाडी दुरुस्त होईपर्यंत किती काळ लोटतो, यांत आहे.

आणि या कामीं आमचाही थोडा वांटा आहे. कारखान्याचें पत्र घरीं येतें, वडील तें पाहतात, आणि ‘गाडी तर उत्तम चालते आहे’ असें म्हणून तें कपाटांत ठेवून देतात. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं गाडी आहे, त्यांनीं असें पत्र आलें आहे काय हें वडिलांस आदरपूर्वक विचारावें, व आलें असल्यास गाडी दुरुस्तीस नेईपर्यंत पुनःपुन्हां आठवण द्यावी. कारण पत्र हातीं पडल्या क्षणापासून तो बैल मारका आहे हें आपणांसही ठाऊक झालें.

गणितांत चूक सांपडली असतां, ‘येथें चूक आहे, जपून वाचावें’ असें वहीच्या समासांत लिहून उत्तर तसेंच ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास आमचे गुरुजी काय म्हणतील, हें सांगावयास नको. ते त्याच्या हातीं खोडरबर देऊन गणित पुन्हां करावयास बसवितील. मोठमोठ्या कारखानदारांकडून आम्ही याहून अधिक कांहीं मागत नाहीं.