रानातले अन्न आणि रेशनचा तांदूळ

पहिल्या पावसाबरोबर कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारांत कातकरी आणि ठाकर स्त्रिया शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. शेवळाची खाज मोडणारे काकडेही त्या शेजारी ठेवतात, कारण शहरी गिऱ्हाइकाला ती रीत ठाऊक असतेच असे नाही. आलेल्या पैशातून तांदूळ, तेल आणि मुलांसाठी बिस्किटांचा पुडा घरी जातो. अर्थशास्त्रात ही उत्पन्नवाढ ठरेल. ताटातून काय गेले, याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

वास्तविक या डोंगरपट्ट्यातील आदिवासींचे अन्न एकाच पिकावर कधी अवलंबून नव्हते. वरकस जमिनीवरची नाचणी व वरी, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, ओहोळातले मासे आणि खेकडे, भातकापणीनंतर शेतातले उंदीर, पुढे कंद. कडू कंद चकत्या करून राखेबरोबर उकळावा लागतो, वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, मगच तो खाण्याजोगा होतो. या ज्ञानाचे अलीकडे शहरांत कौतुक होते. ते करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, कंद उकरणे ही पुष्कळदा कणगीतले धान्य संपल्याची खूण असे.

म्हणूनच अंत्योदय योजनेतील दरमहा ३५ किलो धान्याला, जे जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे यांत अंतर आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पॉलिश केलेल्या तांदळात १० च्या आसपास. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद असूनही दुकानात येतो तो मुख्यत्वे तांदूळ व गहू. याच तालुक्यांतील नाचणी खरेदी करून येथेच वाटण्यास कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न प्रशासकीय इच्छेचा आहे.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. घेतलेली उचल फेडायची असते. लहान मुलेही बरोबर जातात आणि अंगणवाडीतला आहार गावीच राहतो. भट्टीवर ना शेत, ना ओहोळ. आठवड्याच्या खर्चीत बसेल तेवढेच शिजते. कुपोषणाचे आकडे ज्या नोंदवहीतून निघतात, तिच्याबाहेर हे मूल महिनोन्‌महिने असते. भट्टीच्या हंगामापुरती तरी अंगणवाडी तेथे का जाऊ नये?

२००६ च्या वनहक्क कायद्याने कंदमुळांसह गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने १९९६ च्या पेसा कायद्याचे संरक्षण येथे नाही. तेव्हा सामूहिक वनहक्कांचे दावे येथे अधिकच निकडीचे ठरतात. मात्र तो हक्क वनजमिनीपुरता आहे. कर्जत-खालापूरच्या खासगी वरकस जमिनी फार्महाउसांच्या कुंपणाआड जात आहेत, आणि तिथल्या टाकळ्यासाठी आत शिरणारी बाई आता चोर ठरते.