ध्वज बदलतो, दप्तर उरते

नांदगाव खंडेश्वरच्या तहसील कचेरीत आजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातील नक्कल काढण्यासाठी ताटकळलेल्या माणसाला जुन्या दप्तराची किंमत सांगावी लागत नाही. नोंद झाली ती राजवट केव्हाच संपली. नातवाचा दाखला मात्र आजही त्याच ओळीवर अडतो किंवा सुटतो.

वऱ्हाडने सार्वभौमत्वाचा विलक्षण घोळ अनुभवला आहे. १८५३च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला. तरीही कागदोपत्री स्वामित्व निजामाचेच! अखेर राज्यघटनेच्या अनुच्छेद ५ने जन्म व अधिवास पाहून येथील माणसाला भारताचा नागरिक मानले आणि वऱ्हाडापुरता हा प्रश्न मिटला.

गोमंतकात तो अद्याप पुरता मिटलेला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२च्या नागरिकत्व आदेशाने, जे स्वतः किंवा ज्यांच्या माता-पित्यांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीवमध्ये जन्मले होते, त्यांना भारतीय नागरिक ठरविले. पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्याने महिन्याभरात तसे लेखी कळवावयाचे होते. सामान्य गोमंतकीयाला नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागला नाही. स्वराज्याला शोभणारीच ही रीत होती.

पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४च्या करारात. तेरा वर्षे दोन राष्ट्रे त्याच माणसांना आपली म्हणत राहिली. पुढेही पोर्तुगालच्या कायद्याने मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयांना व त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या नोंदणी कार्यालयाची वाट मोकळी ठेवली. त्यासाठी लागणारा उतारा निघतो तो गोव्यातील पोर्तुगीजकालीन जन्मनोंदवहीतून!

पोटापाण्यासाठी ती वाट धरणाऱ्या तरुणाला देशद्रोही म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. खरा प्रश्न निराळाच आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९प्रमाणे स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. मग लिस्बनमध्ये केवळ जन्माची नोंद करणे म्हणजे नागरिकत्व घेणे होय काय? हा वाद गोव्यात थेट आमदारकीपर्यंत गेला. एका स्वाक्षरीने आपण काय गमावू शकतो, हे साध्या कुटुंबाला अर्ज करण्यापूर्वीच कळावयास नको काय? शासनाने याचे निःसंदिग्ध उत्तर सोप्या भाषेत, नोंदणी कार्यालयाच्या दारातच लावले पाहिजे. पोर्तुगीज असोत वा मोडी, जुन्या नोंदवह्या सुरक्षित राखणे आणि त्या वाचू शकणारी माणसे तयार करणे, हेही शासनाचेच कर्तव्य आहे.

सैन्य भूमी मुक्त करते. तेथील माणसाला निश्चिंत करते ते नीट सांभाळलेले दप्तर. आपल्या गावातील एखादे वृद्ध दांपत्य अशाच एका नकलेसाठी खेटे घालीत असेल. कार्यकर्त्याने एक दिवस त्यांच्यासोबत कचेरीत जावे. राष्ट्रकार्याचा तोही एक भाग आहे.