मुखपट्टी आणि मुखकांति

मुखपट्टीचा विषय आतां शिळा झाला, असें पुष्कळांस वाटतें. महाराष्ट्रांत तिची सक्ती २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं उठली, हें खरें. परंतु अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील कित्येक कामगार, उल्हासनगरांतील जीन्स शिवणारे कारागीर, इस्पितळांतील परिचारिका आणि धुळीच्या रस्त्यानें दुचाकीवरून कॉलेजास जाणाऱ्या मुली यांच्या तोंडावर ती अद्याप दिसते. तेव्हां तिच्यामुळें उद्भवणाऱ्या त्वचाविकारांचा विचार अप्रस्तुत होणार नाहीं.

मुखपट्टीच्या आंत निःश्वासाची ऊब व ओलावा कोंडून राहतो. घाम वाळत नाहीं, स्निग्ध द्रव सांचतो आणि रोमरंध्रांचीं मुखें बुजतात. त्यांत कापडाचें घर्षण अखंड चालू असतें. म्हणून पुळ्या विशेषतः नाक, गाल व हनुवटी येथेंच उठतात. दाब व घर्षण यांनीं मुरुम बळावतात, हें मिल्स व क्लिगमन यांनीं १९७५ सालींच वर्णिलें होतें. आपल्याकडे तर सुश्रुतानें 'मुखदूषिका' क्षुद्ररोगांत गणून त्यांस शाल्मलीच्या कांट्यांची उपमा दिली आहे. रोग जुनाच, निमित्त तेवढें नवें.

मात्र प्रत्येक पुरळ म्हणजे मुरुम नव्हे. खाज सुटून त्वचा लाल होत असेल, तर कापडाचा रंग, त्यांत राहिलेला साबण किंवा कानामागील रबर बाधत असण्याचा संभव आहे.

उपाय साधे आहेत. पट्टी मऊ सुती असावी, ओली होतांच बदलावी, रोज धुऊन भरपूर पाण्यांत खळबळावी. चेहरा दोन वेळां सौम्य साबणानें धुवावा, घांसूं नये. पट्टी बांधण्यापूर्वीं थोडा वेळ हलकें, तेलकट नसलेलें मलम लावावें. पावडर व रंग त्या भागास लावूं नयेत. पुळी फोडूं नये. लिंबूही चोळूं नये.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या चेहऱ्यावर दोन पुळ्या दिसल्या, कीं घरांतील वडील मंडळी येतां-जातां तिला बोलतात. मग ती बिचारी औषधाच्या दुकानांतून परस्पर गोरेपणाचें मलम आणते. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतें. आरंभीं कांति उजळते. पुढें त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसूं लागतात आणि मलम सोडतांच मुरुम अधिकच उसळतात. अशा वेळीं त्वचारोगाच्या डॉक्टरांकडेच जावें.

कोणी रागानें पट्टीच टाकून देतात, तेंही बरें नव्हे. पुळी आज ना उद्यां बसते. फुफ्फुसांत शिरलेल्या सूक्ष्म धुळीची गोष्ट तशी नाहीं. आणि रसायनांच्या वाफेपुढें साधें कापड निरुपयोगी असल्यानें, तेथें त्या कामासाठींच केलेलें श्वसनसाधन मालकाकडून मागून घ्यावें.

वडीलधाऱ्यांस एवढीच विनंति, कीं मुलीच्या चेहऱ्याची चर्चा पंक्तींत करूं नये. बोलणें थांबलें, तर निम्मीं मलमें घरांत येणारच नाहींत.