उन्हाचे माप जमिनीवरच घेतले पाहिजे

खडकवासल्याच्या भिंतीवरून पाण्याकडे पाहणारा शेतकरी पातळी किती उतरली ते प्रथम पाहतो. १८७९ साली पूर्ण झालेल्या ह्या धरणाच्या पाण्यावर हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील बागायत उभी आहे आणि पुणे शहराची तहानही त्यावरच भागते. तेव्हा ही काळजी साहजिकच होय. परंतु पाणी केवळ कालव्याच्या दरवाज्यांतून जात नाही. जलाशयावरून आणि भिजलेल्या शेतावरून ऊन जे पाणी उडवून नेते, त्याचा हिशेब फारसा कोणी मागत नाही.

हा हिशेब अवघड नाही. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एप्रिलमधील निरभ्र दिवशी पुणे परिसरात दर चौरस मीटरवर सुमारे २५ मेगाज्यूल ऊर्जा पडते. ती सर्व बाष्पीभवनास लागली, तर एका दिवसात १० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी एक लाख लिटर पाणी उडेल. प्रत्यक्षात काही ऊर्जा परावर्तित होते, काही उष्णतेच्या रूपाने आकाशाकडे परत जाते. उलट कोरडा वारा सुटला की वाफेत भर पडते. ढगाळ दिवशी मात्र येणारी ऊर्जाच निम्म्याहून खाली उतरू शकते. असे असूनही उसाच्या पाण्याच्या पाळ्या पुष्कळ ठिकाणी केवळ तारखा मोजून दिल्या जातात!

सूर्यापासून व आकाशापासून येणाऱ्या ह्या ऊर्जेस शास्त्रात प्रारण म्हणतात. तिचा अभ्यास पुण्यास नवा नाही. १९३२ साली येथे हवामान खात्याची कृषिविषयक शाखा डॉ. एल्. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. निरभ्र व निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नसते, तर एक-दोन वीत वर असते, हे त्यांनी पुण्यातच मोजून दाखविले. अनेक विद्वानांना ती मापनातील चूक वाटली होती. पुढे १९५७ साली आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने पुणे, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे प्रारणमापन सुरू झाले. त्यासाठी लागणारी यंत्रे देशातच घडावीत म्हणून अण्णा मणी यांनी पुण्यात घेतलेले परिश्रम शेतीच्या इतिहासातही नोंदले गेले पाहिजेत.

ह्या चिकाटीचे फळ २००७ साली दिसले. १९८१ ते २००४ या काळातील देशातील १२ केंद्रांच्या नोंदी तपासून पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी असे दाखविले की, जमिनीवर पोहोचणारे ऊन दर वर्षी चौरस मीटरमागे सरासरी ०.८६ वॅटने घटत गेले. हवेतील धूर, धूलिकण व ढग यांनी ते अडविले. तापमानवाढीचा काही भाग त्यामुळे झाकला गेला. पिकाच्या पानावर पडणारे ऊनच उणे होत असेल, तर तो प्रश्न केवळ संशोधकांचा राहत नाही.

आता उपग्रह असताना जमिनीवरची यंत्रे कशाला, असे विचारले जाते. हा युक्तिवाद अपुरा आहे. उपग्रह वरून पाहतो आणि खाली किती ऊन पोहोचले याचा अंदाज बांधतो. तो अंदाज बरोबर की चूक, हे सांगणारे यंत्र शेवटी जमिनीवरच लागते. ते यंत्रही बिनचूक हवे. म्हणूनच जागतिक मानकाशी पडताळण्यासाठी दर ५ वर्षांनी निरनिराळ्या देशांची यंत्रे स्वित्झर्लंडमधील दावोस येथे नेली जातात.

महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रांमुळे पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांची माहिती महसूल मंडळापर्यंत आली, हे चांगलेच झाले. परंतु पिकाची पाण्याची गरज काढावयाची तर प्रारणाचा आकडाही हवा. तो नसला की तापमानावरून अटकळ बांधावी लागते. यास्तव खडकवासल्यासारख्या प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या काठी व त्याच्या लाभक्षेत्रात एकेक प्रारणमापक असावा आणि पाण्याच्या पाळ्या त्याच्या नोंदी पाहून ठरवाव्यात.

यंत्र बसविणे सोपे, राखणे कठीण. काचेच्या घुमटाखालील काळा पृष्ठभाग तापतो, त्यावरून ऊन मोजले जाते. त्या घुमटावर धूळ, दव वा पाखराची विष्ठा राहिली की आकडा खाली येतो आणि तो ढगाळ दिवसासारखा दिसू लागतो. त्यामुळे रोज सकाळी मऊ फडक्याने तो घुमट पुसणारा गावातील माणूस नेमून द्यावा आणि पुसल्याची वेळ त्याने वहीत लिहावी.