सतरा इंची हौस

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सध्या साथ आलीये. डेंग्यूची नव्हे, अ‍ॅलॉय व्हील्सची. अप्रेझल झालं, बोनस खात्यात पडला, की शनिवारी मंडळी टायरच्या दुकानात आणि सोमवारी साध्यासुध्या स्विफ्टला सतरा इंची चकचकीत चाकं! मग लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, चहाच्या टपरीवर एकच विषय. "काय रोड प्रेझेन्स आलाय यार! आणि ग्रिप तर विचारूच नको!"

रोड प्रेझेन्सबद्दल मला काही म्हणायचं नाही. हौसेला मोल नसतं. छान दिसते म्हणून बसवली असं सरळ सांगा, विषय संपला. पण हीच माणसं जेव्हा "सेफ्टीसाठी घेतली रे" असं सांगायला लागतात, तेव्हा डोकं फिरतं. कारण यातल्या निम्म्या लोकांकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे आणि लागणारं गणित सातवीचं आहे.

करूनच बघू. २०१८ साली आलेल्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेल्सना १६५/८० आर १४ टायर होते. म्हणजे रुंदी १६५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची. चाकाचा एकूण व्यास येतो साधारण ६२० मिमी. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. त्याचा व्यास? ६२१ च्या थोडा वर. रिम एक इंचाने वाढली, पण चाक जवळजवळ तेवढंच राहिलं. हा योगायोग नाही. गिअर, ब्रेक, स्पीडोमीटर, चाकावरची कमान, सगळं त्या व्यासाभोवती बेतलेलं असतं.

आता तुम्हाला रिम मोठी हवी. मार्ग दोनच. दोन्हीकडे काहीतरी सोडावं लागतं.

पहिला मार्ग, व्यास सांभाळायचा. २०५/४५ आर १७ घ्या. व्यास ६१६, म्हणजे फरक नगण्य. पण टायरची भिंत १३२ मिमीवरून ९२ वर आली! दीड इंचाहून जास्त रबर आणि हवा गेली. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा पहिला मार ती हवा खाते. ती कमी झाली की मार रिमवर, तिथून सस्पेन्शनवर आणि शेवटी मागे बसलेल्या आईच्या कंबरेवर. रिम वाकते, नाहीतर टायरच्या आतले दोरे तुटून भिंतीला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर सरळ फेकावा लागतो. आणि तो फुगा १०० च्या वेगात एक्सप्रेसवेवर फुटला तर? हिंजवडीच्या पावसाळ्यात रस्ता कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो हे कळत नाही, तिथे ही चाकं मिरवायची म्हणजे पायात रेशमी मोजे घालून भात लावायला जाण्यापैकी आहे.

दुसरा मार्ग, भिंत सांभाळायची. २०५/६० आर १६ घाला. भिंत १२३ मिमी, बरी आहे. पण व्यास झाला ६५२, म्हणजे सुमारे ५ टक्के जास्त. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा ५ टक्के जास्त वेगात असते. गिअर लांब झाले, म्हणजे चढावर गाडी धापा टाकणार. ब्रेकची डिस्क तीच, पण चाकाची त्रिज्या वाढली, म्हणून पेडल तेवढंच दाबलं तरी रस्त्यावर पडणारं बळ ५ टक्क्यांनी कमी. सेफ्टी म्हणे!

आता ग्रिप. रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, हा आवडता मुद्दा. पण रस्त्याला टेकलेला भाग मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब यावर ठरतो. दोन्ही तेच ठेवले तर टायर रुंद केल्याने तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, फार वाढत नाही. कोरड्या रस्त्यावर, वळणावर, चांगल्या रुंद टायरचा फायदा होतो हे मी मान्य करतो. पण साचलेल्या पाण्यात त्याच रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो पाण्यावर तरंगायला लवकर तयार होतो. आपल्याकडे चार महिने काय असतं ते सांगायला नको.

बरं, अर्ध्या गोष्टी तर दुकानदार सांगतच नाही. रिमचा ऑफसेट चुकला की चाक बाहेर येतं, बेअरिंगवर नको तो भार पडतो, आणि चार माणसं बसली की टायर कमानीला घासतो. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिंग लागते, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. टायरवरच्या लोड इंडेक्सकडे तर कुणी बघतच नाही. ८४ म्हणजे ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. आणि स्टेपनी? ती बिचारी डिकीत चौदा इंचीच पडलेली असते. वरून कीर्तन, आतून तमाशा!

"माझी गाडी, माझे पैसे, तुला काय त्रास?" हा शेवटचा बाण. त्रास हा, की रस्ता तुमचा एकट्याचा नाही. तुमची गाडी पावसात घसरली तर समोर बाईकवर दुसरं कुणीतरी असतं. कायद्यालाही हे मान्य नाही. उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बदल विमा कंपनीला कळवलेले नसले तर क्लेमच्या वेळी काय होतं, तो आणखी वेगळा खेळ.

खरी गंमत पुढे आहे. हेच लोक ऑफिसात एक ओळ बदलली तरी टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला जाऊ देत नाहीत. कोड रिव्ह्यू, रिग्रेशन, साइन-ऑफ, सगळं सोवळं पाळतात. आणि ज्या गाडीत बायको-पोरं बसतात, तिचा सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र दुकानातल्या पोराच्या "बसतंय साहेब, काही होत नाही" या एका वाक्यावर बदलतात.

पैसे खर्च करायचेच असतील ना, तर जरूर करा. मूळ मापाचे उत्तम टायर घ्या. रिम बदलायचीच असेल तर तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापावर थांबा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यातून कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते कळतं. नक्षीची खोली १.६ मिमीवर यायची वाट बघू नका. महिन्यातून दोनदा गार टायरची हवा तपासा, स्टेपनीसकट. यातलं काहीही कुणाला दिसणार नाही, लिफ्टमध्ये कुणी वाहवा करणार नाही.

पण ब्रेक मारल्यावर गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबेल. रोड प्रेझेन्स म्हणतात तो हाच.