मातीचा नमुना आणि माणसाचे मन



रब्बीची काढणी उरकली, राने मोकळी झाली. माती तपासणीचे हेच दिवस. नमुना कसा घ्यावा हे या सदरात दरवर्षी सांगतो, याही वर्षी सांगणार आहे. पण त्या नियमांत मनाचीही एक गोष्ट दडलेली आहे. ती मला पुस्तकात नव्हे, एका घरच्या ओसरीवर समजली.

मला नोकरी लागून चार-पाच वर्षे झाली होती. सोलापूर भागातल्या एका गावी एका शेतकऱ्याने आपल्या हलक्या रानात ऊस लावला. बांधापलीकडे भावकीतल्या माणसाचे काळे रान होते आणि त्यातला ऊस डोक्यावर गेला होता. "त्याच्यात येतो, मग माझ्यात का नाही?" एवढ्या ईर्षेवर कर्ज काढले, विहिरीवर मोटार बसवली. पण या रानात फूटभर खाली मुरूम, शिवाय चुनखडी. उसाची कोवळी पाने पिवळी पडून पुढे पांढुरकी झाली. यालाच आपण केवडा म्हणतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असले तरी ते पिकाच्या मुळांना घेता येत नाही.

त्यांनी मला सल्ला विचारला आणि मी माती न पाहताच युरियाचा आणखी एक हप्ता सांगून मोकळा झालो. 'तपासून सांगतो' म्हणायला मला कमीपणा वाटला. बी.एस्सी. झालेल्या साहेबाने चार माणसांत 'ठाऊक नाही' कसे म्हणायचे? ऊस सुधारला नाही, खताचे पैसे मात्र गेले. पुढे वर्षभर त्या गावात गेलो तरी त्यांच्या घरावरून जायचे मी टाळले. तेही पारावर बसायचे बंद झाले. रोग दोघांचा एकच होता : लोक काय म्हणतील?

अखेर एके दिवशी मन घट्ट करून गेलो आणि चूक कबूल केली. ते मान खाली घालून म्हणाले, "साहेब, माझं रानच नापास, अन् मीबी नापास." तेवढ्यात आतून त्यांच्या कारभारीणबाई बोलल्या, "रान कुठं नापास झालंय? आपणच त्याला दुसऱ्याच्या परीक्षेला बसवलं."

त्याच दिवशी आम्ही तिघांनी त्या रानातला नमुना काढला. त्याची रीत अशी : हेक्टरी दहा-बारा ठिकाणे नागमोडी चालत निवडावीत. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी 'व्ही' आकाराचा सुमारे 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती काढावी. सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो माती उरेपर्यंत असेच करीत जावे. झाडाखालची, बांधालगतची, विहिरीजवळची किंवा शेणखताचा ढीग पडला होता तिथली माती मात्र घेऊ नये.

असे का? ढिगाखालची माती सगळ्या रानाला उगीच चांगले ठरवते आणि बांधालगतची उगीच वाईट. मंडळी, आपण स्वतःचा नमुना नेमका अशाच जागेवरून घेतो. एखाद्या साली पीक बुडाले, सोयरीक मोडली, मुलगा दहावीत राहिला, की त्या एका दिवसावरून आपण स्वतःला नालायक ठरवतो. कधी सत्काराच्या एका हारावरून फुगूनही जातो. खरा माणूस साध्या दिवसांत असतो. पहाटे गोठ्यात, चुलीपुढे, पाण्याच्या पाळीवर, आजारी सासूच्या उशाशी. माती तिथली घ्यावी.

दुसरा नियम : शेजाऱ्याच्या रानाचा अहवाल आपल्या रानाला चालत नाही. भगिनींनो, जावेच्या संसाराच्या मापाने आपला संसार मोजला, तर आपल्या घरात कायम उणेच दिसणार.

तिसरे म्हणजे, अहवालात अन्नद्रव्यांपुढे कमी, मध्यम, भरपूर असे लिहिलेले असते; पास-नापास नसते. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनींत नत्र कमी आणि पालाश भरपूर निघते. म्हणून जमिनीला कोणी शिव्या देत नाही. उणे कळले की भर घालता येते. माणसाचेही तसेच. एकाला बोलणे जमत नाही, पण कष्टाला मागे हटत नाही. एकीला हिशेब येत नाही, पण तिच्या हाताखाली आजारी जनावर उठून उभे राहते.

आणि शेवटचा नियम सर्वांत मोलाचा. मुरूम किती खाली आहे, चुनखडी किती आहे, या गोष्टी आपल्याला सहजी बदलता येत नाहीत. त्यांना साजेल असे पीक निवडावे. सेंद्रिय कर्ब मात्र शेणखताने, ताग-धैंच्याने वाढवता येतो. पण तो एका हंगामात नव्हे, वर्षानुवर्षांनी. आहे ते कबूल करणे म्हणजे हात टेकणे नव्हे. कामाला खरी सुरुवात तिथूनच होते.

त्या घराने ऊस मोडला. मटकी, हुलगा, बाजरी घेतली, मुरमाड तुकड्यात सीताफळ लावले. ते काही श्रीमंत झाले नाहीत. कर्ज फिटायला सहा वर्षे लागली. बांधापलीकडचा ऊस पुढेही उंचच राहिला. पण ते गृहस्थ पुन्हा पारावर येऊ लागले आणि "माझं रान हलकं आहे, मी सीताफळ लावलंय" असे मोकळ्या आवाजात सांगू लागले. मीही 'ठाऊक नाही, विचारून सांगतो' म्हणायला शिकलो. त्याने माझा मान कमी झाल्याचे आजवर आढळले नाही.

आज रात्री जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाने दिवसभरात जमलेली एक आणि न जमलेली एक गोष्ट सांगावी. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलू नये, उपदेशही करू नये. आठ दिवस करून पाहा.

कर्जाने किंवा दुःखाने झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते मनात कोंडून ठेवू नका. जवळच्या माणसाला सांगा, सरकारी दवाखान्यात जा. 2022 सालापासून शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य फोनसेवा रात्रंदिवस सुरू आहे. 14416 हा क्रमांक लावून मराठीत बोलता येते. माती तपासायला देण्यात कमीपणा नाही, तसा मन मोकळे करण्यातही नाही.

पुढील अंकी ताग आणि धैंचा केव्हा गाडावा ते पाहू. तोवर नमुने काढून ठेवा, रानाचे आणि जमल्यास स्वतःचेही.