भेंडीबाजाराची मेट्रो : गिऱ्हाईक उतरेल, पण कोणाच्या दारात?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या मेट्रो ११ ला मंजुरी दिली. अणिक आगारापासून वडाळामार्गे गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाणारा हा सुमारे साडेसतरा किलोमीटरचा मार्ग बहुतांशी जमिनीखालून आहे. खर्च २३ हजार ४८७ कोटी रुपये धरलेला आहे. असे आकडे आले की पान उलटण्याची आपली सवय आहे. पण या मार्गावरची नावे जरा वाचा : भायखळा, नागपाडा, भेंडीबाजार, क्रॉफर्ड मार्केट. मुंबईतल्या आपल्या धंद्याचा हा कणाच आहे. तरीही मोहल्ल्यात विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "खोदकामात धंदा बुडणार." दुसरा म्हणतो, "सरकारी काम आहे, होईल तेव्हा पाहू." पहिल्या बांधवाची भीती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. दुसऱ्याची बेफिकिरी मात्र आपल्याला फार महाग पडेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुळावरची गाडी आपल्या बाजाराला नवी नाही. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या मार्गांचे टोक पायधुणीला होते. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून येई, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीतून. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी ती कायमची बंद झाली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीसमोर उतरत होते. त्यानंतर ते मशीद बंदर, सँडहर्स्ट रोड किंवा भायखळा स्टेशनावरून चालत, नाहीतर बस आणि टॅक्सीने येऊ लागले.

मग २००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल झाला. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पूल मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून जातो. मोटारवाल्यांची सोय झाली, यात शंका नाही. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्या पुलाने येणारे-जाणारे लोक बाजारावरून उचलून पलीकडे नेऊन टाकले. खालच्या दुकानांना मिळाली ती सावली आणि धूर. पूल आणि मेट्रो यांतला फरक इथेच आहे. पुलावरचा माणूस मध्ये कुठेच उतरत नाही, तर मेट्रोचा माणूस स्टेशनावर उतरतोच. त्याला जिन्याने वर यावे लागते आणि जिना जिथे उघडतो तिथून त्याची बाजारातली वाट सुरू होते. म्हणून "मेट्रोने फायदा होईल का?" या प्रश्नापेक्षा "जिना कुठे उघडणार?" हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

फायदा कोणत्या धंद्याला, हेही नीट समजून घेतले पाहिजे. मेट्रो माणसे आणते, माल आणत नाही. लोकल गाडीला मालाचा वेगळा डबा असतो. त्यात टोपल्या चढतात, गठ्ठे चढतात. मेट्रोत तशी सोय नसते. तेव्हा ज्याचा माल गिऱ्हाईक हातातल्या पिशवीत घेऊन जाते, त्याचा धंदा वाढेल : अत्तर, टोपी, कपडा, चप्पल, मिठाई, नकली दागिने, अब्दुल रहमान स्ट्रीटवरची स्टेशनरी, चोरबाजारातल्या जुन्या वस्तू, रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळचा खाण्याचा बाजार. गाडीतून घाईने जाणारा जो माणूस पार्किंगच्या धास्तीने इकडे फिरकत नाही, तो येईल. घरातल्या स्त्रिया तर नक्कीच येतील, कारण गर्दीच्या लोकलमधून मुले घेऊन येण्यापेक्षा हा प्रवास सोपा आहे. ठोक व्यापाऱ्याला मात्र टेम्पो लागणार आणि टेम्पोला रस्ता लागणार. स्टेशन झाल्यावर रस्त्यावर गाड्यांना बंदी घातली आणि माल उतरवण्याची जागाच ठेवली नाही, तर किरकोळवाला हसेल आणि ठोकवाला रडेल. ही गोष्ट आराखड्याच्या वेळीच बोलायची असते.

कारागिराचा फायदा वेगळा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. मदनपुऱ्यात बॅगा आणि चामड्याचे काम करणारा, डोंगरीत जरीवर बसणारा कारागीर आता मोहल्ल्यात राहत नाही. जागेच्या भावाने तो गोवंडी, कुर्ला, मुंब्रा, भिवंडी अशा ठिकाणी गेला आहे. त्याची मजुरी नगावर ठरते, तासावर नाही. म्हणजे वाटेत गेलेला वेळ त्याच्याच खिशातून जातो. समजा, येण्या-जाण्यात रोज एक तास वाचला. महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंचवीस तास झाले, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांचे काम. शेठने मजुरी एक पैसाही वाढवली नाही तरी ही कमाई त्याच्या घरी जाते. मात्र तिकिटाचाही हिशोब केला पाहिजे. मेट्रो ३ पूर्ण मार्गावर सुरू होताना तिचे भाडे १० ते ७० रुपये ठेवले गेले आणि लोकलच्या पासाच्या सवयीला हे जड जाते. मासिक पासात भरपूर सवलत मिळाली तरच कारागीर खाली उतरेल. नाहीतर तो लोकललाच लटकत राहील आणि मेट्रोत फक्त साहेब लोक बसतील.

भिवंडीच्या बांधवांसाठी तर हा विषय आणखी मोठा आहे. ज्या गावाच्या मागाचे कापड देशभर जाते, त्या गावातून मुंबईच्या कापड बाजारात यायला सरळ रेल्वे नाही. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे. त्यामुळे यंत्रमागवाला रिक्षा किंवा बसने ठाण्याला, नाहीतर कल्याणला जातो आणि मग लोकल पकडतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ हा सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग आहे. त्याची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. कापूरबावडीला तो वडाळा-कासारवडवली या ३२ किलोमीटरच्या मेट्रो ४ ला मिळतो. आणि मेट्रो ११ मुळात मेट्रो ४ चाच वडाळ्याच्या पुढचा भाग म्हणून आखली गेली होती. तिन्ही मार्ग पुरे झाले आणि अदलाबदल सोपी ठेवली, तर भिवंडीचा माणूस नमुन्याची थैली घेऊन थेट क्रॉफर्ड मार्केटजवळ उतरेल. तिथून मंगलदास मार्केट पायी गाठता येते.

"मार्ग पुरे झाले तर" असे आम्ही मुद्दाम म्हटले. एकटा मार्ग कामाचा नसतो. चेंबूर ते वडाळा मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली, मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली, तरी तिला कधी पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्ती-सुधारणेसाठी ती थांबवावी लागली. त्याच २०१४ सालच्या जूनमध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो मात्र पहिल्या दिवसापासून भरून धावते, कारण ती अंधेरी आणि घाटकोपर या दोन्ही ठिकाणी लोकलला भिडते.

आता नुकसानीकडे येऊ. बोगदा यंत्राने खालून खणला जातो, वरच्या दुकानाला त्याचा फारसा त्रास नसतो. स्टेशनाच्या जिन्यांना आणि हवेच्या वाटांना मात्र वर जमीन लागते. काळबादेवी आणि गिरगावमध्ये मेट्रो ३ साठी जुन्या इमारती घ्याव्या लागल्या. तिथल्या रहिवाशांना आणि दुकानदारांना त्याच भागात नव्या इमारतीत जागा देण्याची योजना आखली गेली. जगन्नाथ शंकरशेठ रोडवर कितीतरी वर्षे पत्र्याचे कुंपण होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये काळबादेवी स्टेशन उघडले आणि आज गिऱ्हाईक तिथे उतरते. पण मधली वर्षे ज्याला झेपली नाहीत, त्याला त्या गिऱ्हाइकाचा काय उपयोग?

अशा वेळी हक्क ठरतो तो कागदावर. इथे आपली बाजू लंगडी आहे, हे कबूल केले पाहिजे. पगडीचा भाडेकरू त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याच्या हस्तांतराच्या रकमेलाही मान्यता दिली आहे. पण भाडेपावती आजोबांच्या नावावर, वीजबिल चुलत्याच्या नावावर आणि गल्ल्यावर बसतो नातू, असे चित्र किती दुकानांत दिसते! वारसाची नोंद करून घ्यायला आपल्याला वेळ नसतो. त्यात भावाभावांत हिस्सा न झालेला असतो, तो विषय निघू नये म्हणूनही कागद तसाच राहतो. सर्वेक्षणाचा माणूस दारात आला की मग धावाधाव.

दुकानदार तरी धावेल. वरच्या मजल्यावरच्या कारखान्याचे काय? अकरा महिन्यांच्या करारावर, कित्येकदा तोंडी बोलीवर, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे मशीन चालवतात. स्टेशन जाहीर झाले की जागेचे भाव चढतात, हे कुठल्याही दलालाला विचारा. त्या दिवशी पगडीवाल्याची मालमत्ता वाढते आणि कारखान्याचा करार संपतो. मेट्रो येईल, पण ज्याच्या वाचलेल्या तासांचा हिशोब आम्ही वर केला, तो कारागीर मदनपुऱ्यात उरलेलाच नसेल, अशी आम्हाला खरी भीती आहे. या भागातल्या अनेक इमारती आपल्याच ट्रस्टांच्या आहेत. त्यांच्या विश्वस्तांना आमचे विचारणे आहे की, भाव वाढल्यावर पहिला हातोडा कारागिरावर पडणार नाही, एवढा ठराव तरी ते आज करतील काय? सरकारकडे मागायच्या आधी घरात मागायला हवे, म्हणून हे लिहितो. काहींना राग येईल, येवो.

कारागिरांनी स्वतःही आपले अस्तित्व नोंदवून ठेवावे. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन लागतात, मोबाईलवरही होते. करार तोंडी असेल तर लेखी करून नोंदवावा. दुकानदारांनी भाडेपावती, वीजबिल, गुमास्ता आणि जीएसटी यांवर एकच नाव आणि एकच पत्ता आहे की नाही ते तपासावे. फेरीवाल्यांनी २०१४ च्या कायद्याखालच्या सर्वेक्षणाची पावती सांभाळावी. कागद फाटका असेल तर झेरॉक्स तरी दोन ठिकाणी ठेवावी.

बाजार कमिट्यांनी एकेका गल्लीची बैठक घेऊन मागण्या ठरवल्या पाहिजेत. आम्हाला सुचतात त्या अशा. जिने मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हवेत आणि एक तरी आतल्या बाजाराकडे उघडावा. माल उतरवायला पहाटेची वेळ आणि ठराविक जागा मिळावी. खोदकामाच्या काळात पायवाट मोकळी राहावी आणि कुंपणामागे दडलेल्या दुकानांना भरपाई मिळावी. उठवलेल्या कारखान्यांना त्याच भागात, परवडणाऱ्या भाड्याने गाळे मिळावेत. रमजानच्या रात्रींचाही विचार व्हावा. मेट्रो ३ ची शेवटची गाडी सुरुवातीला रात्री साडेदहाच्या सुमारास ठेवली गेली. आपला रमजानचा बाजार तर तरावीहनंतर रंगात येतो. २०२४ च्या गणेशोत्सवात मेट्रो २अ आणि ७ च्या गाड्या रात्री उशिरापर्यंत चालवल्या गेल्या, ते योग्यच झाले. तोच दाखला देऊन रमजानसाठीही मागणी करता येईल.

अर्ज मराठीत, एका पानात लिहावा. गल्लीतल्या सर्व धर्मांच्या दुकानदारांच्या सह्या घ्याव्यात, कारण जिना सगळ्यांच्याच दारात उघडणार आहे. आणि कार्यालयात अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.